चांगला विषय घ्या

आक्का,

तुमचं तेरावं होऊन आज चौथा दिवस. मांडव सुटला, भांडी ज्याची त्याला गेली, मांडवगणची तुमची माहेरची माणसंही काल दुपारी गेली. घर मोकळं झालं तशी ऋतू माझ्यापुढं येऊन उभी राहिली. म्हणाली, "काकू, आईची इंग्रजीची वही तुझ्याकडं आहे ना? मला दे. मला वाचायचीय." मी म्हणाले, "उद्या देते गं, शोधायला लागंल." शोधायला कशाला लागतीय? माझ्या शाळेच्या पिशवीतच आहे ती, तुम्हाला दवाखान्यात नेलं त्या दिवसापासून. पोरीशी खोटं बोलले मी. आणि तुमच्या बाबतीत खोटं बोलायची ही माझी पहिली वेळ नाही. म्हणून आधी तुमच्याशी बोलते, मग तिला वही देते. द्यावी का न द्यावी, एवढाच घोर आहे बघा जिवाला.

तुम्ही गेल्यावरचं पहिलं खोटं दहाव्याला बोलले. भीमेच्या घाटावर पिंड ठेवले आणि कावळा काही शिवेना. झाडावर चार-पाच बसलेले, पण खाली एक उतरंल तर शपथ. ऊन चढायला लागलं. सगळे आपापल्या परीनं हात जोडून सांगत होते. सासूबाई म्हणाल्या, "माझं काय चुकलं असंल तर पोटात घाल गं बाई." दादा म्हणाले, "आपल्या ऋतूला पाहिजे तेवढं शिकवतो, तू काळजी करू नको." तरी नाहीच. मग तुमचे मामा मोठ्यानं म्हणाले, "तिच्या मनात काय तरी राहिलंय. कुणाजवळ काय बोलली आसंल तर सांगा." आणि दादा वळले ते माझ्याकडंच. माणूस दहा दिवसांत निम्मा झालाय हो. म्हणाले, "वैशाली, सकाळ-संध्याकाळ तू तिच्यासंगं असायची. तुला कवा काय बोलली होती का? दुखतंय, खुपतंय, काय पण?"

सगळ्या घाटानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "न्हाई दादा. मला काहीच बोलल्या न्हाईत."

शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि माणसं आंघोळीला गेली. मी तिथंच ओल्या पायरीवर बसून राहिले. बोलला होतात तुम्ही, आक्का. चारदा बोलला होतात. लिहून दिलं होतंत माझ्या हातात, आणि मी त्याला मार्क दिले.

आपलं हे शिकणं सुरू झालं ते तुमच्या एका थँक्यूवरनं. ऋतू तेव्हा आठवीत, मी शिकवते त्याच शाळेत. पालकांची मीटिंग होती आणि मी माझ्या वर्गातल्या आया-बापांत अडकलेली, म्हणून तुम्ही एकट्याच तिच्या वर्गात गेलात. सरांनी तोंड भरून सांगितलं, "युवर डॉटर इज व्हेरी डिफायंट." तुम्ही पदर सावरून म्हणालात, "थँक्यू सर," आणि पिशवीतनं आणलेली शेवंतीची फुलं त्यांच्या टेबलावर ठेवलीत. येताना स्कूटीवर माझ्या मागं बसून मला विचारलंत, "वैशू, डिफायंट म्हंजी लई हुशार ना?" मी ब्रेकच मारला. म्हटलं, "आक्का, डिफायंट म्हणजे मोठ्यांना न जुमानणारी. तोंडावर 'नाही करत जा' म्हणणारी." कॅनॉलपाशी तुमचं डोकं माझ्या पाठीला टेकलं. मला वाटलं रडताय. तर तुम्ही हसत होतात, स्कूटी हेलकावे खायला लागली इतकं हसत होतात. "आन् मी त्याला फुलं दिली गं! शाब्बास म्हनून फुलं दिली!"

घरी गेल्यावर ऋतूला एका शब्दानं बोलला नाहीत. मला मात्र चुलीपाशी गाठून म्हणालात, "मला इंग्रजी शिकीव. पण सोपं नगं. अवघड शिकीव." मी म्हटलं, आधी सोपं तरी येऊ दे. दहावीपर्यंतचं होतं तुमचं, मोडकंतोडकं. तर म्हणालात, "सोपं बोलनारी मानसं आपल्याला फसवत न्हाईत. जी फसवत्यात, ती अवघड बोलत्यात. मला ते शब्द पायजेत."

माझं बी.ए. इंग्रजीचं, तेही कोरेगावातनं रोज एसटीनं जाऊन-येऊन केलेलं. लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते बी.ए. कुणाला काय कामाचं होतं? सासूबाई म्हणाल्या होत्या, शाळाबिळा नको, फुलं तोडायला माणूस मिळत नाही. तुम्ही भाकरी थापता थापता, मान वर न करता म्हणालात, "जाऊ द्या तिला. तिच्या वाटणीचं दूध मी काढीन, तिच्या वाटणीची भाकरी मी थापीन. मग तर झालं?" आणि बारा वर्षं थापलीत. मी नऊ वाजता साडी नेसून, पर्स अडकवून निघायची, आणि तुम्ही शेणाच्या हातानं मला सोडायला फाटकापर्यंत यायचा. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. थँक्यू म्हणायला तुम्ही शिकलात, मी इंग्रजीची बाई असून राहिलेच.

तर आपली पद्धत ठरली ती मळ्यातच. शेवंतीची तोडणी सकाळी उजाडल्या उजाडल्या. तुम्ही एका ओळीत, मी शेजारच्या. जाताना मी शब्द सांगायचा आणि त्याचा अर्थ, आधी इंग्रजीत, मग आपल्या भाषेत. बांधावर पोचलो की ओचा क्रेटमध्ये मोकळा करायचा आणि वळायचं. येताना तुम्ही त्या शब्दाचं वाक्य सांगायचं. ओळ संपायच्या आत वाक्य झालं पाहिजे. मजुरीच्या बायकांना वाटायचं आम्ही भांडतोय. ती नंदा तर एकदा म्हणाली, "दोघी जावा इंग्रजीत शिव्या देत्यात, मराठीत पुरत न्हाईत व्हय?"

दुपारी तुम्ही ते वाक्य वहीत उतरवायचा. शब्द, अर्थ, वाक्य. दुसऱ्या दिवशी ती वही माझ्या पिशवीतनं शाळेत यायची आणि मधल्या सुट्टीत सातवीच्या वह्यांबरोबर मी ती तपासायची. वहीला तुम्ही ऋतूसारखंच खाकी कव्हर घातलं होतंत आणि वर लेबल. नाव, सुमन. इयत्ता, थोरली जाऊ. विषय, अवघड. आमच्या स्टाफरूममध्ये ते लेबल सगळ्यांनी बघितलंय, आणि सगळ्यांना वही आतनं बघायची असायची. मी कुणाला देत नव्हते, कारण आतली वाक्यं खरी होती.

तो तुमचा नियम. मी नव्हता सांगितला. तुमचं म्हणणं, वाक्य घडलेलं पाहिजे, नाहीतर शब्द ध्यानात राहत नाही. म्हणून पहिल्या पानावर, "ऋतुजा इज डिफायंट अँड आय सेड थँक्यू." मग ऑब्स्टिनेट, म्हणजे हट्टी, तिथं आपली विहिरीवरची मोटर: "द मोटर इज ऑब्स्टिनेट, शी लिसन्स ओन्ली टु माय किक." फ्रूगल, म्हणजे काटकसरी: "मदर-इन-लॉ इज फ्रूगल विथ शुगर, नॉट विथ वर्ड्स." हे वाक्य तपासताना मी स्टाफरूममध्ये एकटी इतकी हसले की शिपाई पाणी घेऊन आला. एफेमेरल, म्हणजे थोडाच वेळ टिकणारं, तिथं मला वाटलं तुम्ही फूल लिहाल. तुम्ही फुलाचा भाव लिहिलात.

आणि तो रोपांचा एजंट आठवतो का? हायवेवरच्या नर्सरीतला, पांढऱ्या शर्टातला. या जातीच्या शेवंतीला रोगच येत नाही, एका रोपाला एवढी फुलं आणि तेवढी फुलं. दादा माना डोलवत होते. तुम्ही चहाचा कप त्याच्या हातात दिलात आणि म्हणालात, "साहेब, एक्झॅजरेशन करू नका." त्याच्या हातातला कप हलला हो! महिनाभर तुम्ही आळीत हीच गोष्ट सांगत होतात आणि प्रत्येक वेळी त्याचा थोडा जास्त चहा सांडत होता. मी म्हटलं, आक्का, आता हे फुगवून सांगणं, एक्झॅजरेशन झालं. तर म्हणालात, "मग काय झालं, अर्थ कळला म्हंजी झालं."

असं दीड वर्षं चांगलं चाललं होतं. ते मी मोडलं. माझ्या नाकावरच्या रागानं मोडलं.

श्रावणातली गोष्ट. झेंडूची तोडणी चालली होती. मी शब्द सांगितला, कंडिसेंडिंग. अर्थ सांगितला, दुसऱ्याला कमी लेखून, वरनं बोलणारा. बांधावरनं वळलो. तुम्ही नेहमी अर्धी ओळ तरी पुटपुटत विचार करायचा. त्या दिवशी वळल्या वळल्याच म्हणालात, "माय को-सिस्टर इज कंडिसेंडिंग व्हेन शी टीचेस मी, बट शी डझ नॉट नो इट."

एकही चूक नव्हती त्या वाक्यात. कुठं काना-मात्रा बदलायला जागा नव्हती, आणि तेच मला जास्त झोंबलं. मी म्हटलं, "मी कधी तुम्हाला कमी लेखलं?" तुम्ही फुलं तोडतच म्हणालात, "लेखती. परवा नंदापुढं म्हनालीस, आमच्या आक्कांना बिचाऱ्यांना एवढं तरी येतंय. बिचाऱ्यांना म्हनालीस." मी म्हणाले होते. मला आठवत होतं. पण कबूल करंल ती मास्तरीण कसली! मी उलट तुमच्यावर घसरले. "वाक्यं खरीच पाहिजेत असं कुठं लिहिलंय? डिक्शनरीत बघा. जॉन झाडावरनं पडला, मेरीनं छत्री हरवली. जॉन काय खरंच पडला होता का?"

"मग जॉन पडला ते कुनाच्या ध्यानात राहतंय?" तुम्ही म्हणालात.

"साऱ्या जगाच्या राहतंय! सगळं जग तसंच शिकतंय. कल्पनेनं लिहायचं."

"कल्पनेनं म्हंजी खोटं."

"हो, खोटं! खोटं चालतं! घरातलं सगळं वहीत मांडायची काय गरज आहे?"

तुम्ही कंबर सरळ केलीत, माझ्याकडं बघितलंत. रागाचं बघणं नव्हतं ते. "बरं बाई," म्हणालात. "आजपासनं खोटं लिहिते. तू मास्तरीन."

तीन दिवस आपण मिठा-पिठापुरतं बोललो. चौथ्या दिवशी परत ओळीत उभ्या राहिलो, पण तुम्ही येताना वाक्य म्हणेनात. म्हणायचा, "लिहून दाखवते." मला वाटलं, आक्का रुसल्यात अजून, निघंल रुसवा. खरं सांगू? मला बरंच वाटलं होतं. ओळीत मोठ्यानं माझ्या नावानं काय निघंल, ही धास्ती गेली.

आता ती पानं सांगते. तुम्हाला माहीतच आहेत, पण मला एकदा तोंडानं म्हणू द्या.

गणपती बसायच्या आधी शब्द होता स्टोइक. दुःख झालं तरी न कण्हता सोसणारा. तुम्ही लिहिलंत, "अ वुमन इज स्टोइक अबाउट द पेन इन हर लोअर स्टमक." एक बाई. या वहीत पहिल्यांदाच 'मी' नाही, सासूबाई नाहीत, मोटर नाही, कुणीतरी एक बाई. मी मनात म्हटलं, वा, कल्पनेनं लिहायला लागल्या की. बरोबरची खूण केली.

मग रेटिसंट, आतलं न बोलणारा. "द वुमन इज रेटिसंट बिफोर हर हजबंड." बरोबरची खूण.

मग रिलक्टंट, मनातनं तयार नसलेला. "शी इज रिलक्टंट टु गो टु लेडी डॉक्टर, नवरात्र इज निअर अँड फ्लॉवर्स आर रेडी." यात मी 'लेडी डॉक्टर'च्या आधी एक 'अ' घातला, लाल पेननं. नवरात्र आलं, फुलं तयार आहेत, म्हणून एक बाई डॉक्टरकडं जायला तयार नाही. आणि आपल्या मळ्यात शेवंती फुलून उभी. हातभर अंतरावर तुम्ही वाकलेल्या. माझं डोकं कुठं होतं? वाक्यातल्या एका 'अ'मध्ये.

आणि चौथा शब्द. नवरात्राची तिसरी माळ होती. तो अर्थ मीच सांगितला होता, "इंटरमिटंट, म्हणजे थांबून थांबून होणारं. येतं, जातं, परत येतं. आपली लाईट बघा." तुम्ही हसलाही नाहीत. दुपारी लिहिलंत, "द ब्लीडिंग ऑफ द वुमन इज इंटरमिटंट. इट स्टॉप्ड टू इयर्स बॅक, नाऊ इट केम अगेन."

मधली सुट्टी होती. माझ्या एका हातात डबा, एका हातात लाल पेन, पुढं सातवीच्या वह्यांचा ढीग. मी ते वाचलं आणि मला कसंसंच झालं. वाटलं, हे कुठल्या पुस्तकातनं उचललं आक्कांनी, आणि कुणी स्टाफरूममध्ये बघितलं तर? मी 'बॅक' खोडून वर 'अगो' लिहिलं. आणि खाली शेरा लिहिला, पोरांना लिहिते तसाच: "वाक्य बरोबर. चांगला विषय घ्या."

चांगला विषय घ्या!

आपल्या घरात पाळीला अडचण म्हणतात. पाळी गेली की तेही नाव नाही. त्यानंतर परत काही झालं तर त्याला काय म्हणायचं, कुणाला सांगायचं, सासूबाईंना, दादांना? मराठीत तुमच्याकडं त्याला शब्द नव्हता, आणि असता तरी तोंडातनं निघाला नसता. इंग्रजीत मिळाला. तो मी दिला तुम्हाला, अर्थासकट. तुम्ही तो घेऊन माझ्याकडंच आलात आणि मी तुम्हाला परत पाठवलं. असं कोण करतं हो?

आणि तुम्ही ऐकलंत. हेच मला सोसत नाही. पुढच्या पानावर सिरीन, म्हणजे शांत: "द स्काय इज सिरीन." त्यापुढं, "द बटरफ्लाय इज डेलिकेट." त्यापुढं मोर, त्यापुढं चांदणं. दिवाळी झाली, लग्नसराई लागली, ती बाई काही त्या वहीत परत आली नाही. त्या फुलपाखराच्या वाक्याला मी एक्सलंट लिहिलंय, आक्का. शेजारी स्टार काढलाय.

वादात कोण बरोबर होतं, हे ठरवायचं तुमचं-माझं राहूनच गेलं. तुम्ही म्हणाला होतात खोट्या वाक्यानं शब्द ध्यानात राहत नाही. सिरीनचं ते वाक्य मला वही उघडल्याशिवाय आठवलं नसतं. ती चार मात्र झोपेतनं उठवून विचारली तरी सांगीन. पण जिंकलात असं सांगायला तुम्ही आहात कुठं?

माघात तुम्ही ओळीतच खाली बसलात. मी पुढं गेले होते, मागं वळून बघितलं तर तुम्ही नाहीच. नंदा ओरडली. तुमची साडी बघून मला सगळं कळलं, आणि तेव्हा कळून काय उपयोग? यवतच्या डॉक्टरांनी हात लावला आणि म्हणाले, पुण्याला न्या. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी दादांना खुर्चीवर बसवून सांगितलं, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आहे, पसरलाय. म्हणाल्या, जरा आधी आणायला पाहिजे होतं. किती आधी, ते दादांनी विचारलं नाही. मी विचारलं. त्या म्हणाल्या, पहिल्यांदा अंगावर गेलं तेव्हाच. मला ती नवरात्राची तिसरी माळ डोळ्यापुढं आली आणि मी उठून बाहेर आले. दादांना वाटलं, मला तुमचं दुःख झालं. दुःख होतंच हो, पण ते तेवढंच नव्हतं.

तुम्हाला सगळ्यांनी सांगितलं की सूज आहे, औषधानं उतरंल. तुम्ही माना डोलवल्यात. मग एका सकाळी राउंडला आलेल्या डॉक्टरीणबाई तुमच्या पायाशी उभं राहून धाकट्या डॉक्टरशी इंग्रजीत बोलल्या. त्यांना काय माहीत, कॉटवरची ही नऊवारीतली बाई दोन वर्षं अवघडच शिकलीय? त्या गेल्या. दादा चहा आणायला खाली गेले. तुम्ही माझ्याकडं मान वळवलीत आणि विचारलंत, "वैशू, पॅलिएटिव्ह म्हंजी काय गं?"

शब्दाचा अर्थ मला माहीत होता. बरं करणारं नाही, नुसतं दुखणं कमी करणारं औषधपाणी. ओळीत असतो तर एका दमात सांगितला असता. मी म्हणाले, "मला न्हाई माहीत आक्का. डिक्शनरीत बघून सांगते."

"बरं," म्हणालात.

चार दिवसांनी परत विचारलंत, "सापडला का शब्द?" मी म्हटलं, "घाईत राहिलं बघायचं." त्यावर तुम्ही माझा हात धरलात. तुमचा हात असा हलका कधी लागला नव्हता मला. म्हणालात, "ऱ्हाऊ दे. कळला मला. वाक्यावरनं कळला." आणि मलाच थोपटायला लागलात. मी रडत होते, तुम्ही थोपटत होतात, आणि शेजारच्या कॉटवरची बाई तिच्या सुनेला म्हणत होती, पेशंट कोण गं यातलं?

त्यानंतर दोन महिने होते आपल्याकडं. घरी आणलं होतं तुम्हाला. मी रोज शाळेतनं आले की तुमच्यापाशी बसायची. किती वेळा ओठावर आलं, आक्का, तुम्ही मला सांगितलं होतंत आणि मी शेरा मारला, मला माफ करा. एवढंच म्हणायचं होतं. प्रत्येक वेळी कुणीतरी यायचं, नाहीतर तुमचा डोळा लागायचा, नाहीतर माझंच धाडस व्हायचं नाही. तुम्हीही विषय काढला नाहीत. एकदा फक्त म्हणालात, "ऋतूला तू शिकीव. पण तिला बोलू दे." मी हो म्हटलं. तेव्हा वाटलं, पोरीबद्दल बोलताय.

इथवर लिहिलं आणि उठले. वही पिशवीतनं काढली. ते पान फाडावं असं मनात आलं, खोटं कशाला सांगू. दोन बोटांत धरलं सुद्धा. फाडलं असतं तर ऋतूला काही कळलं नसतं, दादांना कळलं नसतं, आणि मी तिची गुणाची काकू राहिले असते. पण दुसऱ्यांदा तुम्हाला गप्प करायचं माझ्यानं झालं नाही.

ऋतूला वही दिली. ती पुढच्या पायरीवर जाऊन बसली, मी दारात उभी राहिले. पहिल्याच पानाला ती हसली. तुम्ही गेल्यापासनं पहिल्यांदा हसली पोर. "काकू, आईनं सरांना फुलं दिलेली? खरंच?" मी म्हटलं, खरंच. मोटरीला हसली, आजीच्या साखरेला तर तोंड दाबून हसली. मला वाटलं, इथंच थांबावी. कुणीतरी हाक मारावी, फोन वाजावा. पानं उलटायचा आवाज येत होता. मग तो यायचा बंद झाला.

ती म्हणाली, "काकू, ही बाई कोण?"

"तुझी आई," मी म्हणाले.

ती परत पान वाचायला लागली. बोट ठेवून, एकेक ओळ. बोट खाली लाल शाईपाशी आलं.

"आणि हे कुणी लिहिलं?"

"मी."

वाटलं, ओरडंल. वही फेकंल. दादांना हाक मारंल. मी त्याला तयार होते, आक्का, खरं तर मला तेच पाहिजे होतं. पण ती रागावली नाही. मान वर करून माझ्याकडं बघत राहिली आणि अगदी हळू, वर्गात न समजलेलं विचारावं तसं विचारलं, "मग तू आईला एकदा विचारलं का नाहीस, की ही कोण?"

मी आत निघून आले आणि तुम्हाला हे लिहीत बसले. ती अजून तिथंच आहे, पायरीवर, वही मांडीवर उघडी टाकून. दादा आता मळ्यातनं येतील आणि तिच्या शेजारी बसतील. त्याच्या आत मला बाहेर जायला पाहिजे, आणि माझा पाय उचलत नाही.